कासवाच्या कवचाची दुखणी: ओळखायची कशी, घरी करायचं काय आणि नागपुरात न्यायचं कुठे

कासव दुखलं म्हणून ओरडत नाही. आजारी असलं तरी बरेच दिवस खातं, फिरतं, पाण्यात उतरतं. त्यामुळे कवचावरचा डाग घरच्यांच्या नजरेत भरेपर्यंत दुखणं बहुतेक वेळा खाली हाडापर्यंत गेलेलं असतं. आमच्या घरी एका नातेवाइकाकडून लाल कानाचं कासव आलं, तेव्हा त्याच्या पोटाखालचं कवच दोन ठिकाणी सडलेलं होतं. ते बरं करताना जे शिकायला मिळालं आणि पुढे ओळखीतल्या लोकांची कासवं पाहून जे कळत गेलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. पहिल्यांदाच कासव सांभाळणाऱ्याने हे वाचून घ्यावं, हीच इच्छा.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. अपघात सोडला तर कवचाचं जवळपास प्रत्येक दुखणं कासवाच्या राहण्याच्या जागेतून येतं. ऊब कमी, ऊन नाही, पाणी घाण, हवा फार कोरडी, खाणं चुकीचं, यातलंच काहीतरी असतं. मलमाने जखम सुकते, पण जागा तशीच राहिली तर दुखणं परत येतं. म्हणून खालच्या पायऱ्यांमध्ये औषधाइतकंच राहण्याच्या जागेबद्दल वाचायला मिळेल.

## १. कासव कोणतं आहे ते नक्की करा

नागपुरात घरोघरी सगळ्यात जास्त दिसतं ते डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं हिरवं कासव. दुकानात याला रेड इअर्ड स्लायडर म्हणतात. हे मूळचं अमेरिकेतलं. राहतं पाण्यात, पण रोज काही तास कोरड्या जागी येऊन पूर्ण सुकणं त्याला गरजेचं असतं. दुसरं सल्काटा, आफ्रिकेतलं, जमिनीवरचं आणि गवत खाणारं. विकत घेताना तळहातावर मावतं, पण पूर्ण वाढलेला नर ४०-५० किलोंपर्यंत जातो, हे दुकानदार क्वचितच सांगतात.

तिसरं म्हणजे पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव. हे घरी ठेवता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. स्टार कासव त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. पकडणं, विकणं, विकत घेणं आणि बाळगणं, सगळाच गुन्हा आहे आणि शिक्षा ३ ते ७ वर्षांच्या कैदेची आहे. ‘घरात कासव असलं की लक्ष्मी टिकते’ असं ऐकून कुणी आणून दिलं असेल, तर वनविभागाच्या १९२६ या हॅलो फॉरेस्ट क्रमांकावर कळवा आणि ते त्यांच्या हवाली करा. आपल्या तळ्यानद्यांतली देशी कासवंही अशीच, घरी ठेवायची नाहीत.

सल्काटासाठी कागदपत्रं लागतात. परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. सायटीस (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या प्राण्यांची नोंद केंद्राच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली किंवा तो मेला, तरी कळवावं लागतं. खरेदीची पावती आणि विकणाऱ्याचं नाव-पत्ता जपून ठेवा. पावती द्यायला जो काचकूच करतो, त्याच्याकडून कासव घेऊच नका.

जात ओळखणं उपचारासाठीही महत्त्वाचं आहे. स्लायडरच्या कवचाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे अधूनमधून निघतात आणि ते बरोबरच आहे. सल्काटाचे निघाले तर काहीतरी बिघडलं आहे. पावसाळ्यात रस्त्यावर सापडणाऱ्या एका देशी कासवाच्या पाठीवर कठीण खवल्यांऐवजी गुळगुळीत कातडी असते. ते आजारी नसतं, त्याची घडणच तशी आहे.

## २. कवच जिवंत असतं, हे लक्षात घ्या

कवच म्हणजे अंगावर घातलेली पेटी नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या कवचाच्या हाडाशी एकजीव झालेल्या असतात. त्या हाडावर केराटिनचे खवले असतात, आपल्या नखांत असतं तेच केराटिन. हाडात रक्त फिरतं, संवेदना असते. कवचावर बोट फिरवलं तर कासवाला कळतं आणि कवच फुटलं तर दुखतं. फुप्फुसं पाठीच्या कवचाला आतून अगदी लागून असतात, ही गोष्ट पायरी सहामध्ये कामाला येणार आहे.

यावरूनच काही ‘करू नका’ निघतात. कवचाला रंग किंवा नेलपॉलिश लावू नका, दोरी बांधायला भोक पाडू नका. चमक यावी म्हणून खोबरेल किंवा मोहरीचं तेल चोळायची पद्धत तर फारच पसरली आहे. तेलाने खवल्यांच्या फटीत धूळ आणि घाण धरून राहते, आणि बुरशीला तेच हवं असतं.

## ३. आठवड्यातून एकदा तपासा

सामान घरातलंच: मऊ केसांचा जुना टूथब्रश, बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा (कासवासाठी वेगळा डबा ठेवून), एक वही आणि स्वच्छ पंचा. एक दिवस ठरवून घ्या. आमच्याकडे हे काम रविवारी सकाळी असतं.

आधी वजन करून तारखेसह लिहा. मग कोमट पाण्याने कवच ओलं करून टूथब्रशने हलक्या हाताने शेवाळ काढा. शेवाळ असेल तर ब्रशबरोबर निघून येतं आणि खालचं कवच एकसारखं दिसतं. पंच्याने टिपून पूर्ण सुकू द्या, कारण ओल्या कवचावर अर्धे डाग दिसतच नाहीत. आता उजेड वरून न टाकता बाजूने, अगदी तिरपा धरा. खड्डा, उचललेली कड किंवा केसाएवढी चीर असली तरी तिची सावली पडते आणि ती लगेच नजरेत येते.

नंतर अंगठ्याने एकेक खवला हलकेच दाबा. नखाने टोकरू नका. पाठीवर मधल्या रांगेत पाच आणि दोन्ही बाजूंना चार-चार असे तेरा मोठे खवले असतात, मग कडेचे छोटे. क्रम ठरलेला असला की एकही सुटत नाही. अंगठ्याखाली काही दबलं, पचकन ओल आली किंवा कासवाने तिथेच पाय आत ओढला, तर त्या जागेची वहीत नोंद करा. कासव उलटं करून पोटाचं कवचही असंच पाहा, पण उताणं जास्त वेळ ठेवू नका, वजन फुप्फुसांवर येतं. शेवटी नाक जवळ नेऊन वास घ्या. निरोगी कवचाला फार तर पाण्याचा वास येतो. कुजका वास आला तर डाग कितीही छोटा असो, आत सडलंय असंच समजा.

दर महिन्याला पाठीचा आणि पोटाचा एकेक फोटो काढा. जागा तीच, उजेड तोच, आणि बाजूला पट्टी ठेवा. डाग वाढतोय की आटतोय हे आठवणीवर सोडलं तर घरात वाद होतात.

आणि साबणाने हात धुवा, नुसते पाण्याने नाही. कासवं निरोगी दिसली तरी त्यांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. कासवाचं काहीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांना कासव हातात देऊ नका.

## ४. काय दिसलं म्हणजे काय समजायचं

घाबरायचं कारण नसलेल्या गोष्टी आधी. खवल्यांच्या मधल्या फिकट रेषा म्हणजे नवी वाढ. स्लायडरच्या अंगावरून काचेसारखा स्वच्छ, पूर्ण आकाराचा पापुद्रा सुटला, तर तीही वाढच. बोअरचं पाणी वापरत असाल तर कवचावर क्षारांचा पांढरा थर बसतो. ओला झाला की नाहीसा होतो, सुकला की परत दिसतो, कठीण असतो आणि वास नसतो. खवल्यांवरच्या वलयांवरून वय मोजतात, पण पाळलेल्या कासवाच्या बाबतीत तो हिशोब बरोबर येत नाही.

कवच सडणं. हे सगळ्यात जास्त दिसतं, विशेषतः स्लायडरमध्ये. सुरुवात छोट्या पांढुरक्या, राखाडी किंवा पिवळट ठिपक्याने होते. मग तिथे खड्डा पडतो, खवल्याची कड उचलते, दाबलं की मऊ लागतं, खालून पू किंवा पनीरच्या चुऱ्यासारखा पदार्थ येतो. पाण्यातल्या कासवात हे बहुतेक वेळा जिवाणूंमुळे होतं. घाण पाणी, ओरखडे आणि सुकायला जागा नसणं या तिन्ही गोष्टी जमल्या की त्यांचं फावतं. जमिनीवरच्या कासवात कोरडा प्रकार जास्त, त्यात बुरशीचा हात असतो. खवला भुरभुरीत होतो, त्याचे तुकडे पडतात. सतत ओल्या मातीवर बसणाऱ्या कासवाचं पोटाचं कवच याला बळी पडतं.

यातली एक अवस्था थेट दवाखान्याची आहे. पोटाच्या कवचावर खवल्यांखालून लालसर झाक पसरली, कासव सुस्त झालं, खाणं सोडलं, तर संसर्ग रक्तात गेलेला असू शकतो. त्या दिवशी घरी काहीही लावत बसू नका, सरळ निघा.

मऊ कवच. अगदी छोट्या पिल्लाचं कवच थोडं लवतं. पण साधारण वर्षभराच्या कासवाचं कवच दाबल्यावर दबायला नको. दबत असेल, कडा वर वळलेल्या असतील, जबडा लवचिक लागत असेल, चालताना कासव पोट उचलत नसेल, तर हाडांना कॅल्शियम मिळत नाहीये. यात एक मोठा गैरसमज आहे. लोक कॅल्शियमची पावडर आणतात आणि निश्चिंत होतात. पण खाल्लेलं कॅल्शियम शरीरात मुरायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते कासवाच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी तयार होतं. ही किरणं खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. काचेमागे दिवसभर ‘उन्हात’ बसलेलं कासव खरं तर नुसतं शेकत असतं.

उंचवटे. सल्काटामध्ये प्रत्येक खवला टोकदार होऊन पाठ खडबडीत दिसू लागते. पूर्वी याचा दोष जास्त प्रथिनांवर टाकला जाई. २००३ साली सल्काटाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात हवेतल्या कोरडेपणाचा परिणाम प्रथिनांपेक्षा बराच जास्त दिसला. आलेले उंचवटे परत सपाट होत नाहीत. जागा सुधारली की पुढची वाढ सपाट येते, एवढंच आपल्या हातात असतं. म्हणून पिल्लू असतानाच लक्ष द्या. कुणी कानशीने घासून देतो म्हणाला तर कासव त्याच्या हातात देऊ नका, खाली जिवंत हाड आहे.

तडा किंवा तुटलेली कड. गच्चीवरून पडणं, कुत्र्याने चावणं, गाडी मागे घेताना चाकाखाली येणं. याची वेगळी पायरी पुढे आहे.

## ५. सुरुवातीचं सडणं: घरी काय करता येतं

घरचा उपचार फक्त एवढ्यावरच करा: एक-दोन लहान ठिपके, वरवरचे, कठीण, वास नाही, पू नाही, आणि कासव नेहमीसारखं खातंय. यापलीकडे काहीही असेल तर पायरी सात.

लागणारं सामान: १० टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडिन, सलाइनची बाटली, निर्जंतुक गॉज, कोरडा टब, थर्मामीटर आणि ऊब देणारा दिवा. औषधाच्या दुकानात साधं द्रावण मागा. फेस येणारा स्क्रब त्याच नावाने मिळतो, तो नको.

जागा सलाइनने धुवा. एक भाग पोव्हिडोन आयोडिनमध्ये नऊ भाग उकळून गार केलेलं पाणी घाला, रंग फिकट चहासारखा झाला पाहिजे. गडद द्रावण जास्त काम करतं असं नाही, उलट नवी पेशी जाळतं. ते गॉजने लावून पाचेक मिनिटं राहू द्या, टिपून घ्या आणि सुकू द्या. दिवसातून एकदा पुरे. सुटून आलेला खवला आपोआप पडत असेल तर पडू द्या, ओढून काढू नका.

स्लायडर असेल तर त्याला दिवसाचा बराच वेळ कोरडं ठेवावं लागतं. टबमध्ये स्वच्छ पंचा घाला, २८ ते ३० अंश ऊब ठेवा आणि रोज एक-दोन तास स्वच्छ कोमट पाण्यात सोडा. स्लायडरला पाण्याशिवाय घास गिळता येत नाही, त्यामुळे खाणंपिणं, शी-शू सगळं त्या वेळात उरकतं. औषध पाण्यातून बाहेर काढल्यावर लावा, आधी लावलं तर धुऊन जातं. अगदी छोटं पिल्लू असेल तर कोरडं ठेवण्याआधी डॉक्टरांना विचारा, ते लवकर सुकतं. सल्काटा असेल तर माती-भुसा काढून वर्तमानपत्रं अंथरा आणि ती रोज बदला.

हायड्रोजन पेरॉक्साइड, डेटॉल, हळद-तेलाचा लेप, टाल्कम पावडर, यातलं काहीही नको. हळद औषधी आहे हे मान्य, पण तेलात कालवून खड्ड्यात भरली की खाली काय चाललंय ते दिसेनासं होतं.

आठवड्यात डाग वाढला नाही आणि कठीण राहिला तर चालू ठेवा. वाढला तर वाट पाहू नका.

## ६. कवच फुटलं तर पहिला अर्धा तास

रक्त येत असेल तर स्वच्छ गॉज ठेवून हलका दाब द्या. वरवरची माती सलाइनने ओघळू द्या. चीर पाठीवर असेल आणि खोल वाटत असेल तर आत पाणी किंवा औषध सोडू नका. आत फुप्फुस आहे. अशा कासवाला पाण्यात ठेवायचं नाही, मग ते पाण्यातलं का असेना. तुकडे निखळले असतील तर ओल्या गॉजमध्ये गुंडाळून बरोबर घ्या.

फेव्हिक्विक, एम-सील, अरॅल्डाइट यांनी चीर बंद करायचा मोह अनेकांना होतो. घाणीवर झाकण बसलं की संसर्ग आतल्या आत पसरतो. कवच जोडायचं काम जखम स्वच्छ झाल्यावर डॉक्टरांनी करायचं असतं.

जखमेवर कोरडं गॉज सैल बांधा, पुठ्ठ्याच्या खोक्यात पंचा घालून कासवाला अंधारात, शांत ठेवा आणि निघा. पावसाळ्यात माशी हा मोठा शत्रू आहे. उघड्या जखमेवर माशी बसली की दुसऱ्या दिवशी अळ्या दिसतात. त्यामुळे दवाखान्यातून आल्यावरही कासव घरात, मच्छरदाणीखाली ठेवा. हाड भरून यायला महिने लागतात, मोठ्या जखमेला वर्षही लागतं. धीर धरा. फार मोडलेली कवचं भरून आलेली मी पाहिली आहेत.

## ७. नागपुरात डॉक्टरांकडे जाताना

सेमिनरी हिल्सवर नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. तिथे जनावरांचा दवाखाना चालतो. जाण्याआधी कासव बघणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात आणि एक्स-रे होईल का, हे फोन करून विचारा. खासगी दवाखान्यातही पहिला प्रश्न हाच: ‘कासव बघता का?’ कुत्र्या-मांजरांचे चांगले डॉक्टर नागपुरात पुष्कळ आहेत. कासवाचं शास्त्र वेगळं आहे, आणि प्रामाणिक डॉक्टर ते स्वतःच सांगतात.

रस्त्यावर जखमी देशी कासव सापडलं तर ते वन्यजीव आहे. त्यासाठी सेमिनरी हिल्सवरच वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे, किंवा १९२६ वर फोन करा. घरी नेऊन उपचार करू नका, हेतू चांगला असला तरी.

बरोबर न्यायचं:

- वजनाची वही आणि महिन्याचे फोटो
- खरेदीची पावती, सल्काटा असेल तर नोंदणीचा कागद
- काय खायला देता त्याची यादी, आठवड्याभराची
- दिवसाचं-रात्रीचं तापमान, आणि यूव्हीबी ट्यूब असेल तर ती कधी लावली ती तारीख
- ताजी शी, छोट्या स्वच्छ डबीत
- आधी लावलेल्या औषधांची पाकिटं

नेताना झाकणाला भोकं असलेला डबा वापरा, आत पाणी नको. मे महिन्यात सकाळी लवकर निघा आणि बंद गाडीत कासवाला एक मिनिटही सोडू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचा इशारा. आयव्हरमेक्टिन हे औषध कासवासाठी विष आहे. कुत्र्या-जनावरांच्या गोचिडी, जंतांसाठी ते सर्रास वापरतात, त्यामुळे घरात किंवा गोठ्यात पडलेलं असतं. कासवाला दिल्यास अंग लुळं पडून जीव जातो. जंतांसाठी औषध लिहिलं असेल तर नाव वाचा आणि डॉक्टरांना नम्रपणे विचारा, ‘यात आयव्हरमेक्टिन नाही ना?’ यात संकोच करू नका.

डॉक्टर बहुधा मेलेला भाग खरवडून काढतील, सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम देतील, गरज पडली तर इंजेक्शनं. ती पुढच्या पायांत देतात, आणि काही अँटिबायोटिक तर दर ७२ तासांनी द्यायची असतात. म्हणजे डॉक्टर विसरलेले नाहीत, कासवाच्या शरीरात औषध फार हळू निघून जातं. ठरलेल्या दिवशी चुकवू नका आणि बरं दिसलं म्हणून मधेच थांबवू नका. कासवाला पुरेशी ऊब नसेल तर औषध लागू पडत नाही, कारण त्याचं सगळं शरीर बाहेरच्या उबेवर चालतं.

## ८. राहण्याची जागा नागपूरच्या ऋतूंप्रमाणे बदला

परदेशी माहिती वाचून इथे जसंच्या तसं केलं की फसगत होते. आपल्याकडे एकाच वर्षात तीन वेगळे प्रदेश असतात.

उन्हाळा. ४५ अंशांवर पारा, नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस), आणि दुपारची हवा इतकी कोरडी की वाळत घातलेले कपडे बघता बघता सुकतात. सल्काटाच्या पिल्लांना उंचवटे येतात ते याच दिवसांत. बाजारात मिळणारा आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणा. पिल्लाला लपायला एक डबा द्या, त्यात ओलसर नारळाचा भुसा घाला, आर्द्रता ६० ते ८० टक्के राहिली पाहिजे. भुसा ओलसर हवा, चिखल नको, आणि आठवड्याला बदला. रोज पंधरा-वीस मिनिटं हनुवटीपर्यंत कोमट पाण्यात बसवा. खोलीत कूलर चालतो त्याचा हवेला फायदाच होतो, फक्त झोत थेट कासवावर नको. ऊन सकाळी सातच्या आसपास, आणि अर्धी जागा सावलीची. काचेची टाकी गच्चीत किंवा बाल्कनीत उन्हात कधीही ठेवू नका, थोड्या वेळात पाणी तापून कासव मरतं.

पावसाळा. आता उलट. कवच सुकतच नाही, ऊन दिवसेंदिवस नसतं, आणि स्लायडर सडायला लागतात. बसायच्या दगडावर दिवा हवाच, जागा ३२ ते ३५ अंश. शिवाय यूव्हीबी ट्यूब, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता, पाकिटावर दिलेल्या अंतरावर. ट्यूब उजेड देत राहते पण त्यातले किरण कमी होत जातात, म्हणून वर्षभरात बदला. कोपऱ्यावर तारीख लिहून ठेवा. पाणी गाळायला कासवाच्या आकाराच्या मानाने मोठा फिल्टर लागतो, माशांच्या टाकीचा छोटा पुरत नाही.

हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा ८-१० अंशांवर येतो. कासव खात नाही, पचत नाही, प्रतिकारशक्ती खाली जाते आणि दबलेलं सडणं परत डोकं वर काढतं. पाण्याला थर्मोस्टॅटचा हीटर, २४ ते २७ अंश, आणि हीटरला जाळी, नाहीतर कवच भाजतं. सल्काटा थंडीत झोपी जाणारं कासव नाही. ‘थंडीत झोपलंय’ म्हणून बाहेर ठेवू नका, रात्री घरात घ्या.

खाण्याचं थोडक्यात. सल्काटाला बहुतांश गवतच: हरळी, नेपियर, वाळलेला चारा. जोडीला तुतीची, जास्वंदाची, शेवग्याची पानं. सांबार (कोथिंबीर) चालतो, पालक रोज नको, तो कॅल्शियम अडवून धरतो. पोळी, भात, दूध, कुत्र्याचं खाणं अजिबात नको. संत्र्याच्या फोडी कौतुकाने घालतात, पण गवत पचवणाऱ्या पोटाला ती साखर सोसत नाही. स्लायडरला चांगल्या दर्जाचं दाणेदार खाणं, हिरवा पाला आणि अधूनमधून छोटे मासे. नुसत्या वाळलेल्या झिंग्यांवर वाढवलेल्या स्लायडरचं कवच मऊ पडतं. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे पक्ष्यांच्या पिंजऱ्यात लावतात तो पांढरा तुकडा, दोघांनाही चालतो. काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतो.

## ९. बरं होतंय हे कसं कळतं, आणि जमत नसेल तर

बऱ्या होत असलेल्या जागेचा वास जातो, खड्ड्याचा तळ कोरडा आणि कठीण होतो, कडेने फिकट रंगाचं नवं केराटिन आत सरकू लागतं. खळगा पूर्ण भरत नाही, खूण आयुष्यभर राहते. ती खूण म्हणजे आजार नव्हे. स्लायडरला पूर्ण वेळ पाण्यात परत सोडायची घाई करू नका, डॉक्टरांनी होकार दिल्यावर रोज थोडा थोडा वेळ वाढवा. पुढचे काही महिने तीच जागा रविवारी सगळ्यात आधी तपासा.

स्लायडर तीस-तीस वर्षं जगतं, पाण्याची मोठी टाकी लागते, विजेचं बिल येतं. नोकरी बदलली, घर बदललं की अनेकांना सांभाळणं जमत नाही, हे मी समजू शकतो. पण ते फुटाळा किंवा अंबाझरीत सोडू नका. जगातल्या सगळ्यात उपद्रवी परक्या प्रजातींच्या यादीत हे कासव आहे. ते देशी कासवांचं अन्न आणि ऊन खायच्या जागा बळकावतं, आपल्या टाकीतले रोगही तळ्यात नेतं. सांभाळू शकणारा माणूस शोधा, टाकी, दिवा आणि वजनाची वही त्याच्या हातात द्या, आणि कवचावर कुठली खूण जुनी आहे ते बोट ठेवून दाखवा.